एका खोलीतली दोन दुकाने

प्रथम तारखा. तारखा नसलेल्या तक्रारीला जर्मनीत कोणी बसायला खुर्चीही देत नाही, हे मी पेटंट विभागात आयुष्य घालवून शिकलो आहे.

गेल्या वर्षीच्या मार्चचा तिसरा सोमवार. आमच्या गावी हौसेने भरणाऱ्या मध्ययुगीन बाजाराच्या समितीने एका कारागिराला बाजारात बसण्याची परवानगी नाकारली. जबाबदार: समितीचे अध्यक्ष, निवृत्त विमा एजंट. हे गृहस्थ बाजाराचे दोन दिवस राजाच्या वेशात हिंडतात आणि वर्षाचे उरलेले दिवस तो वेश उतरवायला विसरतात.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचा दुसरा शनिवार. तोच कारागीर बाजाराच्या दोराबाहेर, सायकली लावण्याच्या जागी, स्टूल टाकून बसला. जबाबदार: वरीलच.

यंदाच्या मेचा पहिला शुक्रवार. त्याच कारागिराने शिवलेला जोडा नगरपालिकेच्या दालनात काचपेटीत ठेवला गेला. खाली पाटी लागली: 'मध्ययुगीन इंग्लिश पद्धतीचा जोडा. इंग्लंडमधील आमच्या भगिनी-शहराची भेट. कारागीर अज्ञात.' जबाबदार: पाटीचा मजकूर लिहून देणारे समितीचे 'सांस्कृतिक संवाद प्रतिनिधी'. हे मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, आणि आमच्या मराठी मंडळाचा हा अंक त्यांच्या घरी टपालाने जातो.

यंदाच्या जूनचा दुसरा मंगळवार. माझ्या चार पानी पत्राला, सोबत सहा जोडपत्रे असताना, एका ओळीचे उत्तर आले: 'आपल्या मजकुराची नोंद घेण्यात आली आहे.' जबाबदार: सांस्कृतिक विभागातील बाई. त्यांना मी सोडून देतो, कारण ती ओळ त्यांच्या संगणकात आधीपासूनच तयार असते.

आणखी एक जबाबदार इसम आहे. त्याचा उल्लेख योग्य जागी येईल.

ज्या कारागिराविषयी हे लिहीत आहे त्याचे नाव मी या लेखात कोठेही लिहिणार नाही. कारण शेवटी सांगेन. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणत असू, आणि मीही येथे तेच म्हणेन.

मास्तर कोल्हापूरकडचे. तरुणपणी एका जर्मन बूट कारखान्यात कामाला आले, कारखाना बंद पडला, तोवर लग्न झालेले होते. बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या या गावात, एर्लांगेनहून रेगिओनालबान या लोकल गाडीने अर्ध्या तासावर, त्यांनी मागच्या गल्लीत दुकान थाटले. पादत्राणांच्या धंद्यातली मास्टर परीक्षा ते दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. पहिल्या प्रयत्नात परीक्षकाच्याच बुटातली चूक त्यांनी भर परीक्षेत दाखवली होती. ते प्रमाणपत्र, मास्टरब्रीफ, दुकानात चौकटीत टांगलेले असे, आणि त्या चौकटीच्या खिळ्यालाच त्यांची रापीही लटकत असे. 'कागद आणि हत्यार एका खिळ्यावर पायजेत,' असे त्यांचे म्हणणे.

मी प्रथम त्यांच्या दुकानात गेलो तो टाच झिजलेले ऑफिसचे बूट घेऊन. खोली लहान, दार एकच. जमिनीवर दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत खडूची एक जाड रेष. रेषेच्या डावीकडे मास्तर, पिवळा ॲप्रन, पुढ्यात कोरे कातडे. मी बूट पुढे केले.

"ह्ये दुकान नव्या जोड्यांचं हाय," ते म्हणाले. "दुरुस्ती शेजारी."

"शेजारी कुठे?"

त्यांनी रेषेपलीकडे बोट दाखवले. तेथे दुसरे स्टूल होते, दुसरी टोपली होती, आणि कोणी नव्हते. मी एक पाऊल उचलून रेष ओलांडू लागलो.

"आवो साहेब! असं न्हाई. भाईर जावा, आणि त्या बाजूनं आत या."

मी बाहेर गेलो. का गेलो हे आजही सांगता येत नाही. पुन्हा त्याच दारातून, पण उजव्या कडेने, आत आलो. तोवर मास्तर तपकिरी ॲप्रन बांधून उजवीकडच्या स्टुलावर बसले होते आणि माझ्याकडे प्रथमच पाहत होते.

"गुटन टाग. काय काम काढलं?"

"आत्ताच तर सांगितले तुम्हाला."

"मला न्हाई. त्येला सांगितलं असंल," डावीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे मान उडवून ते म्हणाले. "त्येचं माजं बोलणं न्हाई."

याच्या मुळाशी एक ग्रंथ होता. आमच्या गावाचे इंग्लंडमधल्या एका बाजारपेठेच्या गावाशी भगिनी-शहर म्हणून नाते आहे. तिकडच्या पाहुण्यांनी कधी काळी आमच्या ग्रंथालयाला त्यांच्या मध्ययुगीन बाजाराच्या नियमांचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ भेट दिला. कोणता धंदा कोणत्या गल्लीत, कोणी काय विकावे, काय विकू नये, चुकल्यास दंड काय, असे सगळे त्यात होते. गावात तो एकाही माणसाने उघडला नाही. मास्तरांनी मात्र तो बायको गेल्यानंतरच्या हिवाळ्यात घरी नेला, शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावली, आणि इतक्या वेळा मुदत वाढवून घेतली की शेवटी ग्रंथपालबाई म्हणाल्या, तुमच्याकडेच राहू द्या.

त्या ग्रंथात त्यांना आढळले की त्या इंग्लिश गावात नवा जोडा शिवणारा आणि जुना दुरुस्त करणारा हे दोन वेगळे धंदे होते. नवे कातडे वापरणाऱ्याने जुन्याला हात लावायचा नाही, जुने सांधणाऱ्याने नवे कातडे जवळ बाळगायचे नाही. मास्तर दोन्ही कामे करीत. तेव्हा कायदा पाळण्याचा त्यांना एकच मार्ग दिसला: खडू.

मी कायद्याच्या आसपास आयुष्य काढले आहे. दुसऱ्याला लावण्यासाठी कायदे वाचणारी माणसे मी हजारोंनी पाहिली. आठशे किलोमीटरवरच्या आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या गावचा कायदा कोणीही न सांगता स्वतःला लावून घेणारा हा एकच इसम मला भेटला. साहजिकच आमची मैत्री झाली. ते मला 'वकीलसाहेब' म्हणू लागले. मी वकील नाही हे मी तीनदा लेखी कळवले.

एका सकाळी ते माझ्या घरी आले, चेहरा पडलेला. "वकीलसाहेब, तक्रार द्यायची हाय."

"कोणाविरुद्ध?"

"माज्याविरुद्ध. दुरुस्तीवाल्याच्या टोपलीत नव्या कातड्याचा तुकडा घावला."

आमच्या सौभाग्यवती चहा ओतता ओतता थांबल्या. "अहो मास्तर, पण सापडला कोणाला?"

"नव्या जोडेवाल्याला. त्योच तर फिर्यादी हाय."

सुनावणी झाली. मी दोन्ही बाजू ऐकल्या. त्यासाठी मास्तरांना माझ्या दिवाणखान्यात चार वेळा खुर्ची बदलावी लागली. दुरुस्तीवाल्याचा बचाव असा की ग्राहक म्हातारी होती आणि थंडी होती. मी त्याला दोषी ठरवले, आणि ग्रंथाप्रमाणे अर्धा शेर मेणाचा दंड केला. मास्तरांनी खरोखर मेणबत्त्या आणून चर्चमध्ये दिल्या. पाद्री गोंधळले, मास्तरांनी त्यांच्याकडून पावती घेतली आणि ती फिर्यादीच्या, म्हणजे डावीकडच्या, खिळ्यावर अडकवली.

त्यांनी स्वतःपुरते ठेवले असते तर कोणाची हरकत नव्हती. पण ग्रंथ गावभर लागू होऊ लागला. त्या इंग्लिश गावात प्रत्येक भटारखान्याने आपल्या पावावर आपली खूण उठवायची असे, म्हणजे पाव वाईट निघाला तर कोणाला धरायचे ते कळावे. मास्तर कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन विचारत, "हा कुणी भाजला?"

"मशीननं," काउंटरवरची मुलगी सांगे.

"मग मशीनची खूण कुटं हाय? आल्झो, म्हंजे उद्या माजं पोट बिघडलं तर मी धरायचं कुणाला?" हे ते जर्मनमध्ये विचारत, पण सूर कोल्हापूरचाच असे. काही महिन्यांनी त्या बेकरीच्या गोल पावावर खरोखर एक लहानसे फूल उमटू लागले. मालक म्हणतो, ते जाहिरातीसाठी. मी तारखा ताडून पाहिल्या आहेत.

बीअरच्या तपासणीचा प्रकार मात्र हाताबाहेर गेला. त्या काळी बीअर तपासणारा अधिकारी चामड्याची विजार घालून बाकावर सांडलेल्या बीअरमध्ये बसे, आणि उठताना विजार चिकटली तर बीअरमध्ये साखर जास्त, असे काहीसे मास्तरांना कोणीतरी सांगितले. ग्रंथात ते नव्हते. हे त्यांना खटकत होते. "लिहिलं न्हाई म्हणजे तपासाय पायजे," ते म्हणाले, आणि गावच्या जत्रेत, आमच्या स्थानिक भट्टीच्या तंबूत, मापाने शिवलेली विजार घालून एक पूर्ण पेला बाकावर ओतून त्यावर बसले. मी घड्याळ धरले होते. भट्टीचा मालक लालबुंद होऊन समोर उभा. अर्ध्या तासाने मास्तर उठले. बाकही उठला.

तंबूभर असा हशा झाला की वाजंत्री थांबली. मास्तर बाकासकट काटकोनात उभे राहून मालकाला शांतपणे म्हणाले, "बीअरचा दोष न्हवं. बाकाला गेल्या आठवड्यात वार्निश मारलंय तुमी. पण वार्निशवाल्यावर खूण न्हाई."

विजार आम्ही तेथेच सोडली. सौभाग्यवतींनी आपली शाल दिली, तिची आठवण त्या अजून काढतात.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. त्या ग्रंथातला मास्तरांचा सर्वांत लाडका भाग म्हणजे बाजाराचे न्यायालय. बाजारासाठी गावोगावहून पायी येणाऱ्या लोकांचे तंटे तेथल्या तेथे मिटवायचे, कारण दुसऱ्या दिवशी ते निघून जात. पायांवर धूळ असलेल्यांचे न्यायालय असे त्याला म्हणत. नियम एकच: दुकाने मोडण्यापूर्वी निकाल. मास्तर हे वाचून दाखवताना म्हणाले, "बघा की, जगात एक तरी कोर्ट हुतं जितं पायाकडं बघून आत घेत हुते." त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या पायांकडेच पाहिले गेले होते.

आमच्या गावी दर सप्टेंबरात मध्ययुगीन बाजार भरतो. बहुतेक दुकानांत जे असते ते कारखान्यातून येते. फक्त विकणाऱ्याची टोपी मध्ययुगीन. मास्तर चौकातल्या लिंडेनच्या झाडाखाली बसून खरोखरचे काम करीत. त्या पद्धतीचा जोडा उलटा शिवतात, आतली बाजू बाहेर ठेवून, आणि शिवून झाल्यावर ओला करून सुलटा वळवतात, मोज्यासारखा. सगळी शिवण आत जाते. वळवण्यापूर्वी मास्तर पुढच्या टोकाच्या आत, जेथे डोळा पोचत नाही आणि बोट पोचते, आरीने बारीक देवनागरी अक्षरे टोचत. आधी स्वतःचे पूर्ण नाव. खाली ज्याच्यासाठी शिवला त्याच्याविषयी एक शेरा. माझ्या जोड्यात नावाखाली टोचले आहे: 'डावी टाच घासतो. चुकला तरी लेखी मागतो.'

झाडाखालीच त्यांनी न्यायालय मांडले. न्यायाधीश मी. झग्याच्या जागी घरचा लाल पडदा.

"अहो, तो पडदा धुवायला टाकायचा होता," सौभाग्यवती गर्दीतून म्हणाल्या.

"न्यायालयाचा अवमान," मी म्हणालो.

"अवमान नाही, डाग म्हणतेय मी."

पाच वर्षे लोकांनी हसत हसत तंटे आणले. दोन वर्षांपूर्वी एक बाई आली, खरीच चिडलेली. शेजारच्या मोठ्या दुकानातून तिने 'मध्ययुगीन पद्धतीने हाताने शिवलेला' जोडा घेतला होता आणि तासाभराच्या पावसाच्या भुरभुरीत तळ सुटला होता. दुकानदार बाहेरगावचा, अध्यक्षांचा खास पाहुणा. मास्तरांनी जोड्याचा वास घेतला, तो घोड्याच्या पाण्याच्या टाकीत टाकला, आणि आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. थोड्या वेळात तळ वेगळा होऊन तरंगू लागला. शिवण होती, पण वरवर, शोभेची.

मी निकाल दिला: पाटी उतरवावी. अध्यक्ष राजवेशात धावत आले. "अहो, हे नाटकातले न्यायालय आहे! खेळ आहे!"

"खेळ हाय तर हरायला काय जातंय?" मास्तर म्हणाले.

पाटी उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो दिवस आयुष्यातला सर्वांत यशस्वी खटला वाटला. पुढच्या मार्चमध्ये पत्र आले. मेण वितळवण्याची मेणबत्ती अग्निसुरक्षेच्या नियमात बसत नाही, हे पहिले कारण. मी दाखवून दिले की शेजारच्या दुकानात अख्खा डुक्कर विस्तवावर फिरतो. दुसरे कारण असे: 'मध्ययुगीन इंग्लिश कारागिराच्या सादरीकरणात ऐतिहासिक सुसंगतीचा अभाव.'

"म्हंजे काय?" मास्तरांनी विचारले.

"म्हणजे तुम्ही इंग्लिश दिसत नाही."

ते मोठ्याने हसले. "अध्यक्ष तरी कुटं राजा दिसतोय?"

मी मुदतीच्या आत हरकत दाखल केली. तिचीही नोंद घेण्यात आली. सप्टेंबरात मास्तर दोराबाहेर बसले, तपकिरी ॲप्रन बांधून, फक्त दुरुस्तीला. त्यांच्यापाशी रांग लागली. आतल्या दुकानांतून घेतलेले जोडे दुपारपर्यंत त्यांच्याच पुढ्यात येत होते. मी हरकतीची प्रत हातात धरून शेजारी उभा होतो.

"बसा वाईच, वकीलसाहेब," ते म्हणाले. "त्या पुस्तकात नकाशा हाय बघा. कातडं कमावणाऱ्याला गावाभाईर ठेवलाय, नदीच्या खालच्या अंगाला. आमची वस्ती बी गावाभाईरच, वढ्याच्या खालच्या अंगाला. नकाशा बघितला आणि मला वाटलं, घरी आलो." दोरा मेणातून ओढत ते पुढे म्हणाले, "पण इंग्रजांनी नुसतं वासापायी ठेवलं हुतं. वास गेला की आत."

मी हरकतीची प्रत घडी करून खिशात घातली आणि सायकलींच्या मध्ये खाली बसलो.

आता चौथा जबाबदार इसम. बरीच वर्षे झाली, मंडळाच्या गणपतीत मास्तर प्रथम आले तेव्हा ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे होते. मी ध्वनिक्षेपकावर म्हणालो, "आपल्यात आज एक ज्येष्ठ फुटवेअर डिझायनर उपस्थित आहेत." मास्तर उठले, माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "डिझायनर न्हवं. चांभार. मास्टरब्रीफ दुकानात टांगलाय, येऊन बघा." सभागृहात विनोद झाल्यासारखे लोक हसले आणि टाळ्याही पडल्या. प्रसादाच्या रांगेत मात्र त्यांच्या मागेपुढे जरा मोकळी जागा होती. घरी येताना बसमध्ये सौभाग्यवतींनी तिकिटे पर्समध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, तुम्हाला लाज कशाची वाटली? माणसाची की शब्दाची?" तो प्रश्न माझ्याकडे आजही प्रलंबित आहे, आणि म्हणून जबाबदारांच्या यादीत मी स्वतःला घालतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना माझा बाजाराचा जोडा शिवायला सांगितला. त्यांनी माझ्या पायाचे माप घेतले आणि वर न पाहता म्हणाले, "साहेब, पाय तर सगळ्यांचं सारखंच. चालणं येगळं."

मास्तर यंदाच्या जानेवारीत गेले. दुकानात पिवळा ॲप्रन खिळ्यावर होता, तपकिरी अंगावर. मुलगी गेर्लिंगेनला नोकरी करते. तिने सामान आवरताना शिवून तयार असलेला एक जोडा आणि तो ग्रंथ नगरपालिकेला दिला. जोड्याला बापाच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली होती. हे तिने मला फोनवर स्वतः सांगितले. मे महिन्यात काचपेटी उघडली तेव्हा चिठ्ठी नव्हती, पाटी होती, आणि डावा जोडा उजवीकडे मांडलेला होता. माझ्या सौभाग्यवती प्रथम तेवढेच बोलल्या: "अगं बाई, पाय अदलाबदल केलेत."

मी सांस्कृतिक संवाद प्रतिनिधींना नगरपालिकेच्या पायऱ्यांवर गाठले. सायकलचे कुलूप काढत होते.

"काका, तुम्ही फार पर्सनली घेताय," ते म्हणाले. "फॉर्ममध्ये हेरकुन्फ्ट विचारलं होतं, ओरिजिन. पॅटर्न इंग्लिश आहे, मी इंग्लंड टाकलं. पुस्तक पण तिकडून आलेलं. त्यांनी ते एकत्र जोडलं."

"आणि कारागीर अज्ञात?"

"जागा कमी होती पाटीवर."

"'अज्ञात' लिहायला जागा होती."

त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "काका, खरं सांगू? नाव लिहिलं की लोक विचारणार, कोण, कुठले, तुमच्याकडे हे काम कोण करतं, तेच का करतात. मग ते सगळं समजवत बसा. इथे आपली इमेज चांगली आहे. कशाला ते सगळं इकडे आणायचं?"

"ते आणलेले नाही," मी म्हणालो. "ते तुम्ही आत्ता खिशातून काढलेत."

ते सायकलवर बसून गेले. सायकल पदपथावरून चालवली. तीही तारीख माझ्याकडे आहे.

मास्तरांच्या मुलीला मी हे सांगितले. ती जर्मनमध्ये म्हणाली, "ओंकेल, एक पाटीच तर आहे. पापा हसले असते." हसले असते, हे मी मान्य करतो. पण हसून झाल्यावर त्यांनी तक्रार दाखल केली असती. ज्या माणसाने बेकरीच्या पावावर खूण मागितली, त्याच्या स्वतःच्या जोड्यावर 'अज्ञात' लिहिणे हा त्याच्या ग्रंथाप्रमाणे अपराध आहे आणि माझ्याही मते.

प्रतिनिधीमहाशय, आता आपल्याशी थेट बोलतो. काचपेटीतला तो जोडा कोणासाठी शिवला होता हे आपणास ठाऊक आहे. तो आपण मागवला होता, मिरवणुकीत घालण्यासाठी. माप द्यायला आपण दुकानात आलात तेव्हा पुन्हा बाहेर जाऊन डाव्या बाजूने आत यावे लागले म्हणून वैतागला होतात. मग मार्चचे पत्र निघाले, ज्या बैठकीत ते ठरले तेथे आपण हजर होता, आणि त्यानंतर आपण जोडा न्यायला आला नाहीत. मास्तरांनी तो शिवून पूर्ण केला, ओला करून वळवला आणि ठोकळ्यावर ठेवून दिला. "गिऱ्हाईक येईल न येईल," म्हणाले, "कबूल केलंय."

वळवण्यापूर्वी टोकाच्या आत त्यांनी स्वतःचे नाव टोचले, आणि खाली आपल्याविषयी शेरा. मी समोरच्या स्टुलावर बसलो होतो. मी तो वाचला आहे.

मी मास्तरांचे नाव येथे लिहू शकलो असतो. मंडळात सर्वांना ते माहीत आहे. पण ते लिहिण्याचे काम माझे नाही. ज्यांनी पुसले त्यांचे आहे.

म्हणून मागणी. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी चौकात लिंडेनच्या झाडाखाली बसेन. पडदा धुतलेला असेल. आपण काचपेटीची किल्ली घेऊन यावे. जोडा कोमट पाण्यात भिजवावा, दोन्ही अंगठे आत घालून हळू उलटा करावा. कातडे चांगले आहे, फाटणार नाही. मग आत जे टोचले आहे ते सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, आधी नाव, नंतर शेरा, आणि जर्मनमध्ये त्याचा अर्थ सांगावा. दुकाने मोडण्यापूर्वी.

मी वाचणार नाही. देवनागरी वाचता येणारे त्या समितीत आपण एकटेच आहात.